कांदा, शेण आणि आमचा खड्डा : गोबरगॅसच्या नोंदी

४ ऑगस्ट

आजपासून वही घातली. मुक्काम निफाड तालुका, घर मळ्यातलं, माणसं सात.

खड्डा नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बांधून घेतला तेव्हा गोठ्यात नऊ जनावरं होती. दीनबंधू पद्धतीचा, ४ घनमीटरचा (म्हणजे रोज इतका गॅस द्यायच्या क्षमतेचा), पक्क्या घुमटाचा. आता दोन संकरित गाई आणि दोन म्हशी उरल्यात. चार दिवस रोज शेण वजन करून पाहिलं: ५३, ५७, ५४, ५६ किलो. सरासरी ५५. पूर्ण क्षमतेने चालायला या खड्ड्याला रोज १०० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. मग संध्याकाळच्या भाकरी अर्ध्यावर आल्या की शेगडी मंदावते यात नवल नाही. उरलेल्या भाकरी आत्या चुलीवर करतात. धुरामुळे त्यांचे डोळे दिवसभर चुरचुरतात. ही वही त्यासाठीच घातली आहे.

हिशोब असा मांडला. १०० किलो शेण अधिक १०० लिटर पाणी म्हणजे रोज २०० लिटर काला. महाराष्ट्राच्या हवेला तो ४० दिवस आत राहायला हवा असं धरतात, म्हणून पोटाची जागा ८,००० लिटर. आज आपण घालतो फक्त ११० लिटर, म्हणजे काला आत ७० दिवसांच्या वर राहतो. खड्डा छोटा पडत नाहीये, उपाशी आहे. शेण वाढवता येत नसेल तर दुसरं काय घालता येईल?

उत्तर कांदा साठवायच्या चाळीत आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत भरला. पावसाळी दमटीने तो सडायला लागलाय आणि निवडलेला सडका माल बांधावर टाकावा लागतो. तिथे वास सुटतो, माश्या होतात.

११ ऑगस्ट

मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही असं ठरवलं आहे. आधी शेगडी किती मिनिटं चालते ते घड्याळ लावून लिहीत होते. पण पक्क्या घुमटाच्या खड्ड्यात सकाळी दाब जास्त आणि संध्याकाळी कमी असतो. त्यामुळे सकाळची दहा मिनिटं आणि संध्याकाळची दहा मिनिटं सारखी नसतात. शेवटी यांनी गॅसचं मीटर आणून नळीवर बसवलं. दाब पाहायला गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच पारदर्शक नळी यू आकारात भिंतीला ठोकली आणि आत रंगीत पाणी भरलं. सकाळी पाण्याच्या दोन पातळ्यांत ७० सेंटीमीटरचा फरक, रात्री १२.

आठवड्याची सरासरी रोज २.१ घनमीटर. ताज्या शेणापासून किलोमागे साधारण ४० लिटर गॅस धरतात, त्या मानाने हे बरोबर बसतं. एक घनमीटर गोबरगॅस सिलेंडरच्या साधारण ४५० ग्रॅम गॅसइतकी उष्णता देतो.

नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासले. एका वळणावर बुडबुडे आले, तिथे नवीन पट्टी लावली. गळती शोधायला काडी पेटवायची नाही, हे भाऊजींना पुन्हा बजावून सांगितलं.

१४ ऑगस्ट

थेट खड्ड्यात कांदा टाकायची हिंमत नाही. आधी जार. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे तीन जार घेतले. प्रत्येकात निर्गम टाकीतला (पचलेला काला बाहेर पडतो ती टाकी) जुना काला ५ लिटर, विरजण म्हणून. त्यावर:

पहिला: ४ किलो शेण, ४ लिटर पाणी.
दुसरा: ४ किलो शेण, १ किलो ठेचलेला कांदा, ३ लिटर पाणी.
तिसरा: ४ किलो शेण, १ किलो मोसंबीची सालं (रसाच्या गाडीवरून आणलेली), ३ लिटर पाणी.

बुचातून सलाइनची नळी काढून पाण्यात उपड्या धरलेल्या कॅनमध्ये सोडली आहे. गॅस आला की पाणी खाली ढकललं जातं, तितके लिटर मोजायचे. तिन्ही जार गोठ्याच्या पत्र्याखाली, एकाच सावलीत.

१७ ऑगस्ट

दुसऱ्या जारमध्ये तीनच दिवसांत बुडबुड्यांची झुंबड. नळीच्या तोंडाशी काडी धरली तर विझली. हा नुसता कार्बन डायऑक्साइड. आत्या म्हणाल्या, "पेटत नाही तर काय उपयोग?" थांबायला सांगितलं.

४ सप्टेंबर

२१ दिवसांचा हिशोब. पहिला जार ८४ लिटर. दुसरा १२१. तिसरा ३९.

म्हणजे एक किलो सडक्या कांद्याने ३७ लिटर जास्त दिले, शेणाहूनही जास्त: पहिल्या जारमध्ये शेणाचे किलोमागे २१ च पडले. मला याहून कमी अपेक्षित होते, कारण कांद्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. पण जे घन आहे ते बहुतेक साखर, आणि ती लगेच पचते. शेण गाईच्या पोटातून एकदा पचून आलेलं असतं, सोपं सोपं ते गाईने आधीच घेतलेलं असतं.

मोसंबीच्या सालीने शेणाचाही गॅस दाबला. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं आणि ते मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. लिंबाची, संत्र्याची, मोसंबीची साल खड्ड्याच्या आसपासही न्यायची नाही.

८ सप्टेंबर

खड्ड्यात कांद्याची सुरुवात, रोज २ किलो. ठेचून, वरचा सुका पापुद्रा काढून. पापुद्रा पचत नाही, वर तरंगतो आणि त्याची जाड साय धरते. जितका कांदा तितकं पाणी कमी घालायचं, शेण तेवढंच. दर आठवड्याला २ किलोने वाढवायचं. मिसळायच्या हौदाशेजारी पाटी लटकवली आहे: कांदा किती, शेण किती.

२२ सप्टेंबर

कांदा ६ किलो. गॅस २.३. निर्गम टाकीतल्या काल्याचा सामू (pH, आम्लतेचा आकडा; कमी म्हणजे जास्त आंबट) ७.२. काल्याचं तापमान २६ अंश.

६ ऑक्टोबर

कांदा १० किलो. गॅस २.५ ते २.६. गेल्या आठवड्यात सहा दिवस सगळ्या भाकरी शेगडीवर झाल्या. आत्यांनी चुलीची राख भरून काढली आणि चुलीवर पाटा ठेवला.

पण वास आलाय. शेगडी पेटवताना कुजलेल्या अंड्याचा. बर्नरचं पितळी जेट काळं पडलंय. कांद्याला जो उग्र दर्प असतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि तेच गंधक आत जाऊन हायड्रोजन सल्फाइड बनून बाहेर येतं. शेणाच्या गॅसमध्येही तो थोडा असतो, पण इतका नाही. हा वायू विषारी आहे आणि स्वयंपाकघरात त्याला जागा नाही.

उपाय स्वस्त निघाला. लेथच्या कारखान्यात लोखंडाचा कीस पोत्याने पडलेला असतो. तो पाण्याने ओला करून दोन दिवस उघड्यावर गंजवला आणि मीटरभर लांबीच्या चार इंची पीव्हीसी पाइपात भरून गॅसच्या वाटेवर बसवला. गंज गंधक धरून ठेवतो. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेवर पसरायचा. तो पुन्हा तांबूस होतो, परत भरता येतो. हवेवर पसरल्यावर तो तापतो, म्हणून गवताजवळ किंवा गोणपाटावर टाकायचा नाही. पहिल्याच दिवशी वास गेला.

१३ ऑक्टोबर

मिथेन किती आहे हे पाहायची घरगुती रीत बसवली. बीएस्सीला असताना प्रयोगशाळेत केलेली गोष्ट इतक्या वर्षांनी कामाला आली. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० मिली गॅस घ्यायचा, मग कॉस्टिक सोड्याचं थोडं द्रावण ओढून तोंड बंद करून हलवायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात जातो. उरला तो बहुतेक मिथेन. आज ५० पैकी २९ उरले, म्हणजे ५८ टक्के. हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं, कॉस्टिक कातडी जाळतं.

२० ऑक्टोबर

१२ किलो. गॅस २.६. वाढ थांबली. मला वाटतं आमच्या ५५ किलो शेणाला कांदा इतकाच पुरे. यापुढे १० वरच ठेवायचं.

३ नोव्हेंबर

दिवाळीला पाच दिवस माहेरी होते. काल रात्री आले.

शेगडी पेटत नाही. मीटर मात्र भरधाव फिरलेलं, पाच दिवसांत जवळपास १९ घनमीटर. सिरिंजमध्ये ५० पैकी १५ उरले. ३० टक्के. सामू ६.२. निर्गम टाकीतून आंबट, उलटी यावी असा वास.

चाळ रिकामी करायची होती म्हणून भाऊजींनी रोज सहा-सात क्रेट सडका कांदा फावड्याने ठेचून आत सोडला. क्रेटला २० किलो धरले तर पाच दिवसांत साडेसहाशे किलो. त्यांचा हेतू चांगला होता. कांदा घातला की गॅस वाढतो हे त्यांनी दोन महिने डोळ्यांनी पाहिलेलं आणि आठवडाभर बांधावर सडणारा ढीग त्यांना बघवत नव्हता. हौदाशेजारच्या पाटीवर आकडा होता, पण आकडा का आहे ते तिथे लिहिलेलं नव्हतं. ती चूक माझी.

रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं. आत दोन जातीचे जिवाणू आहेत. एक साखर तोडून आम्ल करतात. ते दांडगे आहेत, तासातासाला वाढतात. दुसरे त्या आम्लापासून मिथेन करतात. हे गाईच्या पोटातून शेणाबरोबरच आलेले असतात, पण वाढायला त्यांना दिवस लागतात. साखर एकदम ओतली की पहिले आम्लाचा डोंगर उभा करतात आणि दुसरे त्याखाली गुदमरतात. गाईला एकदम पाटीभर धान्य खायला मिळालं तर पोटात आम्ल होऊन ती बसते, तसंच. हे उदाहरण नानांना लगेच पटलं. एक गाय अशीच गेली होती, मी या घरात यायच्या आधी.

४ नोव्हेंबर

खाणं पूर्ण बंद. ना शेण, ना कांदा. न पेटणारा गॅस घरात येऊ द्यायचा नाही म्हणून नळी मधेच सोडवून बाहेर मोकळ्या हवेत काढली.

चुना: १ किलो २० लिटर पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी सकाळ-संध्याकाळ. तीनच दिवस. जास्त नाही. चुना कार्बन डायऑक्साइड धरतो आणि खाली खड्यासारखा साचतो. त्याने सामू दिसायला सुधारतो, पण मेलेले जिवाणू जिवंत होत नाहीत.

६ नोव्हेंबर

शेजारच्या मळ्यातले तात्या त्यांच्या खड्ड्यातला काला द्यायला तयार झाले. त्यांचा खड्डा फक्त शेणावर चालतो, कधी बिघडलेला नाही. २०० लिटरचे चार ड्रम ट्रॉलीत घालून आणले. आधी आपल्या निर्गम टाकीतून तितकाच काढला, मग आत सोडला. ८०० लिटर, पोटाच्या दहाव्या हिश्शाइतकं विरजण.

भाऊजी स्वतः ड्रम उतरवत होते. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

कोणीतरी सुचवलं की निर्गम टाकीकडून आत उतरून कांद्याचा थर काढून टाकावा. अजिबात नाही. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. खड्ड्यात उतरलेला आणि त्याला काढायला उतरलेला, दोघेही गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. थर बाहेरूनच लांब बांबूने हलवला.

८ नोव्हेंबर

सामू ६.४. मिथेन ३८ टक्के. चूल पुन्हा पेटली आहे. आत्यांनी पाटा उतरवून ठेवला तेव्हा मला मान वर करवली नाही.

१४ नोव्हेंबर

सकाळी ज्योत टिकली. निळी नाही, पिवळसर, फडफडणारी. पण टिकली. ४८ टक्के. आजपासून १० किलो शेण.

२६ नोव्हेंबर

सामू ७.१, मिथेन ५७. शेण ४० किलो. गॅस १.६. कांदा शून्य. चाळीतला उरलेला सडका माल खड्डा खणून शेणखतात थरांनी पुरला, वर माती.

पाटी बदलली. आता आकड्याखाली लिहिलंय: "याहून जास्त घातलं तर ज्योत विझते, तीन आठवडे चूल." भाऊजींनी ते स्वतः रंगवलं.

१५ डिसेंबर

शेण ५५ वर आलं, पण गॅस १.५ च्या वर जाईना. कारण थंडी. निफाडची थंडी राज्यात गाजते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात ते उगाच नाही. काल्याचं तापमान २० अंश. जिवाणूंना ३५ च्या आसपास सगळ्यात मानवतं, १५ च्या खाली ते जवळपास झोपतात.

तीन गोष्टी केल्या. काला पहाटे कालवायचा तो आता दुपारी दोनला, काळ्या रंगाच्या ड्रममध्ये उन्हात तापलेल्या पाण्यात. घुमटावरच्या मातीवर उसाच्या पाचटाचा दीड फुटाचा थर. आणि शेण गोठ्यातून ताजं, गरम असतानाच हौदात, रात्रभर उघडं ठेवायचं नाही.

२२ डिसेंबर

काला २२ अंश. गॅस १.७.

२९ डिसेंबर

कांदा संपला, आता कशाचा आधार? गावच्या पिठाच्या गिरणीत रोज झाडून निघालेलं पीठ-कोंड्याचं झाडण दीड-दोन किलो असतं. माती मिसळलेली, जनावरांना घालता येत नाही. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शहरातल्या घरांसाठी जो छोटा गॅस बनवला तो अशाच पिष्टमय टाकाऊवर चालतो. त्या कामाला २००६ साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला. शेणाच्या मानाने पिठाचं वजन किती कमी आणि गॅस किती जास्त, हे त्यांनी लोकांना दाखवून दिलं. मात्र पीठ कांद्याहूनही लवकर आंबतं. म्हणून ३०० ग्रॅमपासून सुरुवात, आणि रोज सामू पाहायचा.

५ जानेवारी

६०० ग्रॅम. सामू ७.१.

१२ जानेवारी

१ किलो झाडण. गॅस २.२, भर थंडीत. काला २१ अंश. किलोभर पिठाने जे दिलं ते द्यायला दहा किलो कांदा लागला होता. आज नाना शेगडीजवळ शेकत बसले आणि म्हणाले, "खड्डा परत आला."

१९ जानेवारी

घरचा संडास खड्ड्याला जोडावा का, असा विषय निघाला. मला पटतं. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात गॅस निघत होता तो मैल्यावरच. देहूत डॉ. सुहास मापुस्कर यांनी आयुष्य या कामात घातलं आणि संडासाला जोडलेला 'मलप्रभा' गॅस लोकांच्या घरांपर्यंत नेला. आत्यांना मात्र त्यावरचा स्वयंपाक मान्य नाही. घरात चूल-शेगडीचा शब्द त्यांचा, तो मी ओलांडणार नाही. शिवाय संडासात फिनेल आणि ॲसिड पडतं, ते आधी बंद व्हायला हवं. विषय तूर्त बाजूला.

गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी काल हौदाकडे वाहत होतं. नाली वळवली. म्हशीला कासदाहासाठी प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू आहे, तोवर तिचं शेण वेगळं, उकिरड्यात.

२ फेब्रुवारी

बाहेर पडणाऱ्या काल्याचा हिशोब लिहायचा राहिला होता. रोज शंभर लिटरच्या आसपास निघतो. आधी सुकवून खत करायचो. सुकताना त्यातला अमोनिया, म्हणजे नत्र, हवेत उडतो. आता ओलाच पाटाच्या पाण्याबरोबर घासाच्या वाफ्यांना सोडतोय. मागच्या कापणीला एका बाजूचे चार वाफे काल्यावर आणि चार युरियावर ठेवले होते. वजनात फरक किरकोळ निघाला, आणि काल्याच्या वाफ्यांना युरियाचा एक दाणा लागला नाही. नव्या कांद्यालाही पुढच्या पाण्याबरोबर देऊन पाहायचा.

९ फेब्रुवारी

थंडी ओसरतेय. २४ अंश. शेण ५५, झाडण १.२ किलो. गॅस २.६. सामू ७.२, मिथेन ५८. चूल महिनाभर थंड आहे.

१६ फेब्रुवारी

तात्यांच्या घुमटाला तडा गेला होता. त्यांनी खड्डा रिकामा करून, आठवडाभर हवा खेळू देऊन, बाहेरून आणि आतून गिलावा केला. आता पुन्हा सुरू करायचा आहे आणि नुसत्या शेणावर गॅस धरायला महिना-दीड महिना जाईल. सकाळी ते ड्रम घेऊन आले.

चारऐवजी आठ ड्रम भरून दिले, तीन खेपांत, म्हणजे आपली टाकी फार खाली जाणार नाही. भाऊजी ट्रॉलीवर चढून तात्यांना पीठ किती, कांदा किती, सामूची पट्टी कशी बुडवायची ते समजावत होते. तिसऱ्या खेपेनंतर मोजलं: सामू ७.२, रात्रीचा दाब १४ सेंटीमीटर.